कातळावरचे कंदील

आमच्या घरात उमललेल्या फुलाला किंमत नव्हती. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण वसईजवळच्या निर्मळमधल्या आमच्या वाडीत कागडा आणि मोगरा व्हायचा, आणि बाजारात भाव असायचा तो कळीला. पहाटे आई, काकी आणि कामाला येणाऱ्या बायका कमरेला फडकी बांधून रांगांमध्ये शिरायच्या, घट्ट मिटलेल्या कळ्या तेवढ्या खुडायच्या आणि उजाडायच्या आत ओल्या कापडात बांधलेले भारे अण्णांच्या स्कूटरवर चढायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. जी कळी नजरेतून सुटून झाडावर फुलली तिला ते ‘हसली’ म्हणायचे. स्कूटरला किक मारताना ‘आज बरीच हसली’ असं म्हणाले, की नुकसान झालं असं आम्ही समजायचो. घरभर चोवीस तास फुलांचा वास असायचा आणि तरीही कॉलेजात जाईपर्यंत मी एकाही फुलाच्या आत डोकावून पाहिलं नव्हतं. तशी कधी वेळच आली नव्हती.

बाकी घर आवाजांनी भरलेलं होतं. सकाळी विहिरीवरच्या पंपाची धडधड सुरू व्हायची, पाट वाहू लागला की केळीच्या बुंध्यांमधून पाणी फिरत गेल्याचा बारीक खळखळाट मागच्या ओटीपर्यंत ऐकू यायचा. दुपारी शेजारच्या देवळातली घंटा आणि संध्याकाळी पलीकडच्या चर्चची घंटा, या दोन्हींवर आईचा स्वयंपाक चालायचा. हिवाळा सरला की ती पिकलेली केळी सोलून उन्हात वाळत घालायची. त्यांची सुकेळी होईपर्यंत अंगणात गुळासारखा, किंचित आंबूस वास दाटून राही आणि आम्हा मुलींना काठी घेऊन कावळे हाकत बसावं लागे. पावसाळ्यात तव्यावर केळीच्या पानातल्या पानग्या भाजल्या जायच्या. पानाची कड करपली की तो वास पार रस्त्यापर्यंत जायचा आणि अण्णा सायकलवरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला हमखास आत बोलावत. आमच्या घरात बोलणं चालायचं ते वाडवळी बोलीत. इथे मात्र मी अण्णांचं आणि आईचं बोलणं सगळ्यांना समजेल असं करून लिहिते आहे. त्यात त्यांच्या जिभेची गोडी बरीच सांडते, त्याला इलाज नाही.

वनस्पतिशास्त्र मी घेतलं ते केवळ अण्णांना बरं वाटेल म्हणून. त्यांना वाटलं, मुलगी खतं आणि कीड यांचं काही शिकून येईल. कॉलेजात आम्हाला गद्रे मॅडम होत्या. मूळच्या पुण्याच्या, नवरा अकाली गेलेला, विरारला चंदनसारच्या बाजूला नव्याने उठलेल्या इमारतींपैकी एकीत एकट्या राहायच्या. वर्गात त्या फारशा खुलत नसत. पण पावसाळा लागला की साडी वर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून, पाठीवर झाडं दाबून वाळवायच्या लाकडी जाळ्या आणि जुनी वर्तमानपत्रं बांधून त्या डोंगराच्या वाटेला लागायच्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज यायचं. वाटेत बोललेलं त्यांना खपत नसे. एखाद्या झुडपापाशी थांबून बोट दाखवायचं, आम्ही नाव सांगायचं, चुकलं की त्या फक्त मान हलवायच्या. मला त्या आडनावाने हाक मारायच्या. ‘राऊत’ म्हणाल्या की मी ताठ उभी राहायची.

पदवी झाली आणि मी पुढच्या शिक्षणासाठी त्यांच्याच हाताखाली राहिले. वसईच्या डोंगरांवर पावसाळ्यात काय काय उगवतं, त्याची पाहणी त्या करत होत्या आणि मी त्यांची मदतनीस होते. त्या वर्षी भाद्रपदात आम्ही चिंचोटीला गेलो होतो. बरोबरची मुलं धबधब्यावर थांबली आणि आम्ही दोघी बाजूच्या डोंगरधारेने वर चढलो. वर कातळाचा एक उघडा टप्पा होता, अंगणाएवढा, त्याच्यावर ओंजळभर माती आणि गुडघ्याइतकं गवत. खाली कामणच्या बाजूला दगडाच्या खाणी चालायच्या. तिथला सुरुंग उडाला की आवाजाच्या आधी पायाखालचा कातळ हलल्यासारखा वाटायचा.

मी डबा उघडायला बसले आणि माझ्या गुडघ्यापाशी ते दिसलं. गवताच्या पात्यासारखीच पानं, वीतभर उंचीचा काटकुळा दांडा, आणि त्याच्यावर उभं एक फूल. करंगळीएवढं असेल नसेल. खाली फुगीर, वर निमुळती होत गेलेली फिकट हिरवी नळी, नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या, आणि त्या पाकळ्या उघडायच्या सोडून टोकाशी पुन्हा एकमेकींना चिकटलेल्या. मधे पाच खिडक्या राहिल्या होत्या. अगदी दिवाळीतला कंदील. या कुळातल्या फुलांना आपल्याकडे कंदीलपुष्पंच म्हणतात आणि त्यांतली काही मी आधी पाहिली होती. पण याच्या शेंड्याला जांभळ्या केसांचा झुबका होता आणि वारा नसतानाही ते केस थरथरत होते.

मी मॅडमना हाक मारली. त्या आल्या, वाकल्या, मग गुडघ्यांवर बसल्या आणि शेवटी ओल्या कातळावर चक्क पालथ्या झोपल्या. भिंग डोळ्याला लावून त्या इतका वेळ तशाच राहिल्या की मला काळजी वाटू लागली. पावसाची एक सर येऊन गेली तरी त्या हलल्या नाहीत. मग उठून बसल्या, ओल्या पदराने भिंग पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

“राऊत, मला ही ओळखता येत नाही,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या हाताखाली आल्यापासून हे वाक्य त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मी पालथी पडले आणि भिंगातून पाहिलं. खिडकीच्या आत नळीच्या भिंतीवर रुपेरी केस होते, सगळे खालच्या दिशेने वळलेले, आणि त्यांच्याही आत खोल कुठेतरी शेंदरी प्रकाशासारखं काहीतरी. इतकं नीटनेटकं, इतकं कुणासाठी तरी केलेलं, आणि पाहायला कुणी नाही. माझा श्वास फुलावर पडून ते हलत होतं म्हणून मी श्वास धरून ठेवला. आज इतक्या वर्षांनी तो क्षण आठवला की पहिल्यांदा आठवतो तो माझ्या पोटाला लागलेल्या कातळाचा गारवा.

त्या टप्प्यावर मोजकीच झाडं होती. मॅडमनी फोटो काढले, माझ्याकडून चित्र काढून घेतलं, एकच फूल खुडून स्पिरिटच्या बाटलीत ठेवलं. मी विचारलं, अख्खं झाड नको का घ्यायला? त्या म्हणाल्या, आधी आपल्याला काय सापडलंय ते कळू दे. त्या हिवाळ्यात त्या पुण्याच्या आणि मुंबईच्या संग्रहालयांत जाऊन शंभर वर्षांपूर्वीचे वाळवलेले नमुने पाहत होत्या, मी पुस्तकांतली वर्णनं ताडून पाहत होते. कुठे पान जुळायचं तर फूल जुळायचं नाही, फूल जवळ यायचं तर केस नसायचे. रोज वाटायचं की उद्या हे कुठेतरी सापडेल आणि सगळं संपेल. होळी उलटली आणि मॅडम एक दिवस प्रयोगशाळेत शांतपणे म्हणाल्या, की या झाडाचं वर्णन आजपर्यंत कुणी केलेलं नाही. मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर माणसं भाजी घेत होती. आपल्या डोळ्यांसमोरचा डोंगर, पोरंटोरं सहलीला जातात तो, आणि त्याच्यावर जगाला नाव माहीत नसलेलं काहीतरी उभं आहे, हे मला त्या गर्दीत कुणाला तरी थांबवून सांगावंसं वाटलं.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. केळव्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, बागायत होती, आणि त्यांना लग्न मे महिन्यात हवं होतं. मी अण्णांना सांगितलं की मला आणखी एक पावसाळा हवा आहे. झाड पुन्हा फुलल्याशिवाय काम पुरं होणार नव्हतं, कारण जगाला नवी जात सांगायची तर कंदासकट एक अख्खं झाड पुरावा म्हणून जपून ठेवावं लागतं. आईने कपाळाला हात लावला. अण्णा बराच वेळ सुतळी वळत बसले. मग त्यांनी विचारलं, त्या फुलाचं तुम्ही करणार काय? विकणार नाही, देवाला वाहणार नाही, मग? मी म्हटलं, नाव देणार. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “मग मला दाखव. तोवर मी त्या लोकांना काही सांगत नाही.”

पावसाळ्यात अण्णा आमच्याबरोबर चढले. धोतर वर खोचलेलं, डोक्याला टोपी, हातात कोयता आणि पिशवीत खुरपी. चढावर मॅडम आणि ते एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. दोघेही आपापल्या परीने झाडं बघत चालले होते. टप्प्यावर पोचलो तेव्हा गवतातून कंदील उभे होते, गेल्या वर्षीपेक्षा एखाददुसरा जास्तच. अण्णांनी कमरेवर हात ठेवून सगळीकडे पाहिलं. त्यांना दिसलंच नाही. मी बोट दाखवलं तेव्हा ते म्हणाले, एवढंच? त्यांच्या आवाजात मला केळव्याचं स्थळ ऐकू आलं.

मॅडमनी आपलं भिंग त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते आधी उलटं धरलं, मग सरळ केलं, आणि टोपी काढून ठेवून वाकले. मी त्यांना सांगत होते की या नळीत चिलटासारख्या बारीक माश्या वासाने येतात, खिडकीतून शिरतात आणि घसरतात. केस खालच्या दिशेने असतात म्हणून आत जाता येतं, वर येता येत नाही. नेमकं तेव्हाच ढग सरकले आणि फुलामागून ऊन आलं. हिरवी नळी काचेसारखी उजळली. तिच्या फुगीर तळाशी एक काळा ठिपका फिरत होता.

“आत आहे ती,” अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, “मरणार का?”

मॅडम पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलल्या. म्हणाल्या, “नाही. एखाद दिवसाने आतले केस सुकून गळतात, फूल आडवं होतं आणि माशी सुटते. जाताना अंगावर पराग घेऊन जाते. पुढच्या कंदिलात पुन्हा अडकते, तेव्हा कुठे बी धरतं.”

अण्णांनी भिंग खाली केलं नाही. जन्मभर त्यांनी पाट्यांनी फुलं वाहिली होती. फूल उमलतं ते कुणाला आत घ्यायला, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते त्यांनी असं घडताना पाहिलं नव्हतं. मी आळीपाळीने त्यांच्याकडे आणि फुलाकडे पाहत होते. खाली सुरुंग उडाला, कातळ थरथरला आणि सगळे कंदील एकाच वेळी हलले. अण्णा उठून खाली वाकून पाहू लागले. धुळीचा लोट झाडांच्या शेंड्यांवर आला होता.

“खाण इकडेच सरकतेय,” ते म्हणाले.

मग तो प्रसंग आला जो मॅडम वर्षभर पुढे ढकलत होत्या. एक झाड उपटायचं होतं. त्यांनी एक झाड निवडलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिल्याकडे आल्या. त्यांचा हात पुढे होईना. मलाही होईना. अण्णांनी न विचारता खुरपी काढली. त्यांनी झाडाभोवतीची माती बोटांनी मोकळी केली, खुरपी लांबून घातली आणि कंद वर आला, सुपारीएवढा, एकही मूळ न तुटता. तळहातावर धरून ते उभे राहिले. पावसाचे थेंब पडून कंदावरची माती धुतली जात होती आणि आतला पांढरा गोळा दिसू लागला होता. फूल अजून ताठ होतं.

“ही माशी आधी सोडा,” ते मॅडमना म्हणाले.

मॅडमनी चिमट्याने नळीला हलकेच चीर पाडली. काळा ठिपका बाहेर आला, पाकळीच्या कडेवर क्षणभर बसला आणि गेला. तिघांनीही मान वळवून तो गेला त्या दिशेला पाहिलं, जसं काही दिसणारच होतं. मग मॅडमनी झाड वर्तमानपत्राच्या घडीत पसरलं, पानं सारखी केली आणि जाळीचे पट्टे आवळले. उतरताना अण्णा मला म्हणाले की केळव्याच्या लोकांना मी आता नाही म्हणून सांगतो.

त्या काळी नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय ते जगात कुठे मान्य होत नसे. गद्रे मॅडमना लॅटिन कामापुरतं यायचं, पण चुकीची भीती वाटायची. अण्णा म्हणाले, आपले फादर इनास आहेत की. चर्चच्या सणाला वेदीसाठी आणि पालखीसाठी फुलं आमच्याच वाडीतून जायची. त्यामुळे निवृत्त होऊन चर्चमागच्या कौलारू घरात राहणाऱ्या या वृद्ध फादरांशी अण्णांची जुनी ओळख होती. तरुणपणी त्यांनी मिस्सा, म्हणजे वेदीपुढची उपासना, लॅटिनमध्ये म्हटलेली होती. आम्ही गेलो तेव्हा ते वऱ्हांड्यात आरामखुर्चीवर बसून पेरूची फोड मिठाला लावून खात होते. आमचं येण्याचं कारण ऐकून त्यांनी फोड बशीत ठेवली. म्हणाले, “माझं लॅटिन देवाशी बोलायचं आहे. पानाफुलांशी त्यात मी कधी बोललो नाही.”

तरी ते बसले. बाटलीतलं फूल आधी उजेडाला धरून निरखून पाहिलं, माझं चित्र पाहिलं, आणि मग एकेक वाक्य मॅडम इंग्रजीत सांगत गेल्या, फादर शब्द जुळवत गेले. ‘नळी’ला कोणता शब्द, ‘फुगीर’ला कोणता, केस ताठ आहेत की मऊ, थरथरणारे म्हणायचे की हलणारे, यावर दोघांची चांगलीच जुंपली. मॅडमकडे वनस्पतींच्या लॅटिनचा कोश होता, फादरांकडे धर्मगुरू होताना सेमिनरीत शिकलेलं व्याकरण होतं. माझं काम फक्त चहाचे कप उचलायचं आणि ऐकायचं होतं. शेवटी फादर म्हणाले, “आता एक सांगा. हे किती आहे जगात?”

मॅडम म्हणाल्या, “आम्हाला माहीत आहे तेवढं एकाच कातळावर.”

फादरांनी चष्मा काढला. वऱ्हांड्यातून पलीकडे आमची वाडी दिसत होती, तिच्याकडे ते पाहत राहिले. मग शेवटच्या ओळीत त्यांनी एक शब्द घातला, ‘रारिस्सिमा’. अतिशय दुर्मिळ. म्हणाले, “यापुढे लॅटिनला शब्द नाही.”

लिहून झाल्यावर त्यांनी कागद हातात घेतला आणि सगळं वर्णन एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. ते सवयीनेच वाचत होते, वेदीपाशी उभं राहून म्हणावं तसं, शेवटचा स्वर थोडा लांबवत. कंदापासून सुरुवात झाली, मग दांडा, पानं, नळी, खिडक्या, शेंड्यावरचे केस. मला एकेक शब्द कळत नव्हता पण झाड डोळ्यांसमोर खालून वर उभं राहत होतं. अण्णा पायरीवर बसले होते. मी पाहिलं तर ते टोपी हातात घेऊन उभे होते. कधी उठले ते कळलं नाही. वाचन संपलं. गोठ्यात गाय हंबरली तेव्हा फादरांनी बशीतला पेरू अण्णांपुढे केला.

लेख छापून आला. नावात डोंगराचं नाव गुंफलेलं होतं, कारण मॅडमना माणसाचं नाव द्यायचं नव्हतं. पण मॅडम म्हणाल्या की नाव देणं सोपं होतं, खरं काम आता आहे. जातीला किती धोका आहे हे ठरवायचं तर ती आणखी कुठे आहे की नाही हे पाहावं लागतं. त्यासाठी सगळे डोंगर पायाखाली घालावे लागतात, आणि नाही सापडली तर न सापडल्याचंही लिहावं लागतं. आम्ही तुंगारेश्वरच्या रांगेत, कामणच्या मागच्या धारांवर, जिथे जिथे तसा कातळ दिसेल तिथे चढलो. एका पावसाळ्यामागून दुसरा गेला. कुठेच नाही. शेवटी मॅडमनी तिच्या नावापुढे ‘अतिसंकटग्रस्त’ असं लिहिलं आणि तो टप्पा वाचवावा म्हणून सरकारी कचेऱ्यांमध्ये अर्ज केले. मोजणी झाली. टप्पा वनखात्याच्या हद्दीत भरला नाही, खासगी सर्व्हे नंबरात निघाला.

खाण तिथे पोचली ती माघात. मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या दिवसांत त्या कातळावर काहीच दिसत नाही. गवत वाळून पडलेलं असतं, दांडे सुकून गेलेले असतात, आणि कंद दोन बोटं मातीखाली झोपलेले असतात. ज्या माणसांनी तिथे भोकं पाडून दारू ठासली त्यांना तिथे उघडा दगडच दिसला असणार. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. पुढे मॅडमच्या इमारतीच्या शेजारी नवा पाया भरला जात होता, तिथे खडीचा ढीग पाहून त्या थबकल्या. मग त्याला वळसा घालून जिन्याकडे गेल्या.

अण्णांनी मात्र एक प्रयत्न केला होता. आदल्या वर्षी आम्ही शेंगा पिकल्यावर थोडं बी आणलं होतं. बियांना रेशमासारखा झुबका असतो, वाऱ्यावर म्हातारीसारख्या उडतात. अण्णांनी त्या कातळावरच्याच मातीत, कुंड्यांत पेरल्या. त्यांच्या हातून न जगणारं झाड मी पाहिलं नव्हतं. बी रुजलंही, पानं आली. अण्णा रोज सकाळी कळ्या खुडायच्या आधी त्या कुंड्यांपाशी जायचे. सावली कमी केली, पाणी कमी केलं, दगड आणून ठेवले. एक एक करून सगळी रोपं पिवळी पडून गेली. शेवटची कुंडी रिकामी करताना ते म्हणाले की याला काय लागतं ते मला कळलं नाही. त्यांच्या बोलण्यात हार नव्हती, आदर होता.

पुढे माझं लग्न झालं, मी वसईतच राहिले आणि त्याच कॉलेजात शिकवू लागले. पुण्याच्या संग्रहालयात कामासाठी जाणं व्हायचं. तिथे लाल कडेच्या जाड पुठ्ठ्यात आमचं झाड आहे. पानं तपकिरी झाली आहेत, कंद अण्णांनी काढला तसाच, मुळांसकट. त्या टप्प्यावरचं जगात उरलेलं अख्खं झाड एवढंच. मी ते दरवेळी मागवून घेते आणि हात मांडीवर ठेवून पाहत बसते. तिथले कर्मचारी आता मला विचारतही नाहीत.

गद्रे मॅडम निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांचे गुडघे गेले होते, तेव्हाची गोष्ट. श्रावण संपत आला होता. मी एम.एस्सी.च्या मुलींना घेऊन निघाले होते, जिथे आम्ही दोघी पूर्वी दोनदा जाऊन आलो होतो त्याच भागात. पण या वेळी वाट चुकली. ओढ्याला पाणी होतं म्हणून आम्ही वरून वळसा घेतला आणि कारवीतून बाहेर पडलो ते एका अरुंद कड्यावर, ढगात. समोर हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. मी मुलींना बसायला सांगितलं. ढग वर सरकू लागला तसं आधी पायाजवळचं गवत दिसलं, मग थोडं पुढचं, आणि त्या गवतात एक कंदील. मला वाटलं डोळे फसवताहेत. मी खाली बसले. त्याच्यामागे आणखी एक होता. ढग जसजसा सरकत होता तसतसे ते पुढे पुढे उजळत चालले होते, उतारावर, कपारीत, कड्याच्या पार टोकापर्यंत, ओले, फिकट हिरवे, आणि प्रत्येकाच्या शेंड्यावर जांभळे केस थरथरत होते. मी मोजू लागले आणि थोड्या वेळाने मोजणं सोडून दिलं. एका मुलीने विचारलं, मॅडम, काय झालं? आम्हाला कुणालाच माहीत नसताना, आम्ही अर्ज करत होतो, हळहळत होतो, तेव्हाही दर पावसाळ्यात हे इथे उभं राहत होतं, माश्यांना आत घेत होतं, सोडत होतं.

खाली उतरल्यावर मी तशीच चिखलाच्या कपड्यांनी चंदनसारला गेले. मॅडमनी दार उघडलं, मला पाहिलं आणि काठी भिंतीला टेकवून खुर्चीत बसल्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी पान कसं होतं ते विचारलं, केसांचा रंग विचारला, कातळ कोणत्या दिशेला उतरतो ते विचारलं. मग ती जागा अभयारण्याच्या हद्दीत येते का ते विचारलं. येते, असं मी म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

“म्हणजे राऊत, आपण लिहिलं ते चुकलं,” त्या म्हणाल्या, आणि त्या इतक्या आनंदाने हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला टेबलाशी बसवून दुरुस्तीचा मजकूर सांगितला. तिच्या नावापुढचं ‘अतिसंकटग्रस्त’ खोडून ‘संकटग्रस्त’ करायचं, एक पायरी खाली. नवीन जागेचं वर्णन लिहायची वेळ आली तेव्हा मी डोंगराचं नाव लिहिलं आणि वाट लिहू लागले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. कंद खणून नेणारे हौशी लोक आता वाढलेत, एवढंच म्हणाल्या. आम्ही ती ओळ कोरी सोडली. त्यानंतर मी तिथे बऱ्याच वेळा गेले आहे, एकदा म्हाताऱ्या अण्णांना माझ्या दोन विद्यार्थ्यांच्या खांद्यावर हात ठेवायला लावून घेऊनही गेले. ते कड्यावर बसून राहिले, उतरायचं नाव घेईनात. ती जागा मी इथेही लिहीत नाही.